हुमनाबादची शिवगंगा आणि तापणारं मशीन

हुमनाबादच्या बसस्टँडामागच्या गल्लीत वीरण्णाचा फोटो स्टुडिओ होता. लग्न होऊन आल्यापासून शिवगंगा त्या स्टुडिओत जायची ती फक्त दुपारचा डबा घेऊन. पडद्यावर रंगवलेला धबधबा, त्याच्यापुढं एक स्टूल, कोपऱ्यात अंधारी खोली. आत काय चालतं ते तिनं कधी विचारलं नाही, आणि वीरण्णानंही कधी सांगितलं नाही. तो माणूस मुळात बोलका. हातात कॅमेरा आला की जास्तच. रुसलेल्या नवरदेवाला हसवायचा, नवरीच्या आजीची थट्टा करायचा, पंगतीत वाढणाऱ्याला म्हणायचा, जरा वर बघ की, जिलेबी कुठं पळून जात नाही. गुलबर्ग्यापर्यंतच्या लग्नांत त्याला बोलावणं असायचं, ते निम्मं त्याच्या फोटोंसाठी आणि निम्मं त्याच्या तोंडासाठी.

दोन हजार आठ साली दिवाळी झाल्यावर एका सकाळी तोंड धुताना त्याच्या उजव्या हातातला तांब्या खाली पडला. उचलायला वाकला तो स्वतःच पडला. बिदरच्या दवाखान्यात लकवा म्हणून सांगितलं, पुढं सोलापूरला नेलं. पाय फरफटत का होईना, चालायला लागला. बोबडी वळलेली जीभही हळूहळू सैल झाली. उजवा हात तेवढा परत आला नाही. आणि बोलणं परत आलं तरी वीरण्णा बोलेना. सकाळी शिवगंगा शटर उघडायची, तो येऊन स्टुलावर बसायचा, आणि गल्लीतून जाणाऱ्या रिक्षा बघत राहायचा. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही.

स्टुडिओ बंद करून चालण्यासारखं नव्हतं. मुलगी उदगीरला शिकायला होती. शूटिंगसाठी शिवगंगानं रोजंदारीवर एक कॅमेरावाला धरला आणि मिक्सिंग स्वतः शिकायचं ठरवलं. मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, नको ते कापायचं, गाणी जोडायची आणि सगळ्याची मिळून एक डीव्हीडी करायची. शिकवलं सुनीलकुमारनं. तो समोरच्याच घरातला. त्याच्या आजोबांनी मेंढरं राखली, बापानं शेती केली, आणि हा आयटीआय करून हैदराबादला गेला. सिकंदराबादच्या बाजारात कॉम्प्युटरचे भाग विकणाऱ्या एका दुकानात तो कामाला होता. सुट्टीला गावी आला की आईच्या हातची भाकरी खाऊन सरळ स्टुडिओत यायचा. शिवगंगाला अक्का म्हणायचा, वीरण्णाला अण्णा. लहानपणी त्याच अण्णानं त्याला अंधाऱ्या खोलीत नेऊन कागदावर चेहरा उमटताना दाखवला होता, ते तो विसरला नव्हता.

शिवगंगा शिकली. पण कॉम्प्युटर जुना. एक लग्न तयार व्हायला मशीन सबंध दिवस आणि वर पुन्हा दुसऱ्या दिवशीची दुपार घ्यायचं. तेवढ्यात हायवेच्या बाजूला एक नवा स्टुडिओ झाला, त्यांचं मशीन नवं, काम झटपट. गिऱ्हाइकं तिकडं वळायला लागली. तिनं सुनीलकुमारला फोन केला. तो म्हणाला, नवीन मशीन घ्यायची गरज नाही, आहे तोच प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, जास्त पळवू.

पुढच्या सुट्टीला तो एक भलामोठा पंखा घेऊन आला. प्रोसेसर ज्या वेगानं चालवायचा म्हणून कंपनीनं ठरवलेला असतो, त्याच्यापेक्षा जास्त वेगानं तो चालवता येतो, त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात, असं त्यानं समजावून सांगितलं. त्यासाठी त्याला वीज थोडी जास्त पाजावी लागते, आणि वीज जास्त पाजली की तो तापतो, म्हणून पंखा मोठा. जुना पंखा चपटा होता, प्रोसेसरच्या डोक्यावर बसून खाली वारा मारायचा. नवा उंच, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा मनोरा, आणि त्याच्या कुशीला लावलेला पंखा वारा आडवा फेकायचा. सुनीलकुमारनं तो बसवला, वेग वाढवला, आणि खरंच, जे लग्न दीड दिवस घ्यायचं ते संध्याकाळच्या आत तयार झालं. शिवगंगानं त्याला जेवू घातल्याशिवाय हैदराबादच्या बसमध्ये बसू दिलं नाही.

हे थंडीत झालं. लग्नसराई सुरू होता होता ऊन वाढलं आणि मशीन बंद पडायला लागलं. दोष कुठंच दिसत नव्हता. कापाकापी करेपर्यंत ठीक चालायचं, पण सगळं लग्न एकत्र करून शेवटचं काम लावलं की मध्येच टप्प करून विझायचं. तिला वाटलं, करंट कमीजास्त होतोय. तिनं वायरमन बोलावला, त्यानं सगळं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. सुनीलकुमारनं फोनवर प्रोसेसर किती तापलाय ते बघायला लावलं. स्क्रीनवर बघितलं तर प्रोसेसर गारच. मग त्यालाही कळेना. येऊन बघतो म्हणाला, पण दुकानातून सुट्टी मिळेना.

एका दुपारी मशीन पुन्हा विझलं तेव्हा शिवगंगा कपाळाला हात लावून बसली. वीरण्णा स्टुलावरून उठला, पाय ओढत आला आणि कॅबिनेटचं झाकण काढ म्हणून त्यानं खूण केली. तिनं काढलं. देवाच्या फोटोपुढं उदबत्ती लागलेली होती. ती डाव्या हातानं उचलून त्यानं तिला मशीन चालू करायला सांगितलं, आणि पंखा फिरायला लागल्यावर उदबत्ती आत धरली. धूर पंख्याच्या तोंडाशी गेला की आडवा पळायचा, सरळ मागच्या बाजूनं बाहेर. पण प्रोसेसरच्या शेजारी, तो ज्यावर बसवलेला असतो त्या बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, धूर जागचा हलत नव्हता. तिथं काळ्या चौकोनी तुकड्यांची एक रांग होती.

"हितं वाराच न्हाई," वीरण्णा म्हणाला. "बोट लावून बघ. मशीन बंद करून."

तिनं मशीन बंद करून बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. तव्याला लागावं तसं भाजलं.

संध्याकाळी तिनं फोन करून हे सुनीलकुमारला सांगितलं. तो म्हणाला, ते तुकडे म्हणजे प्रोसेसरला पाजायची वीज तयार करणारे भाग. बाहेरून येणारी वीज ते प्रोसेसरला सोसेल अशी बारीक करून देतात. प्रोसेसर पळवला की त्यांच्यावर ओझं वाढतं. जुना चपटा पंखा खाली वारा मारायचा, त्यातला थोडा त्यांनाही मिळायचा. नव्या पंख्यानं तो तोडला. प्रोसेसर गार ठेवायच्या नादात मी शेजारच्याला विसरलो, असं त्यानं स्वतःच कबूल केलं. त्या तुकड्यांवर ॲल्युमिनियमचे छोटे दातेरी ठोकळे बसवतात, उष्णता ओढून घ्यायला. मी येताना आणतो, तोवर वेग उतरवून ठेवा, असं त्याचं म्हणणं पडलं.

वीरण्णाला मात्र थांबवेना. कित्येक महिन्यांनी त्याच्या हाताला काम दिसलं होतं. अंधाऱ्या खोलीतलं फोटो मोठे करायचं यंत्र त्यानं आयुष्यभर वापरलं होतं, आणि त्यातला दिवा तापला की निगेटिव्ह आकसते हे त्याला पाठ होतं. तापणाऱ्या वस्तूला वारा आणि धातू लागतो, एवढं तो जाणत होता. लाउडस्पीकरवाल्या मारोतीकडून त्यानं एका मेलेल्या ॲम्प्लिफायरचा दातेरी ॲल्युमिनियमचा ठोकळा मागून आणला. त्यानं डाव्या हातानं करवत चालवायची, शिवगंगानं ठोकळा पक्कडीत धरायचा, असं करून दोघांनी त्याचे छोटे तुकडे पाडले. चिकटवायला काय? अल्बमात फोटो चिकटवायची दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड पट्टी कपाटात होती. तीच शिवगंगानं काढून दिली. सगळे तुकडे रांगेत बसले. दिसायला अगदी विकत आणल्यासारखं. त्या दिवशी वीरण्णा दोन भाकरी जेवला.

मशीन दोन-तीन दिवस बरं चाललं, निदान तसं वाटलं. वेग उतरवायचं राहूनच गेलं. मग बंडेप्पाच्या मुलाच्या लग्नाचं काम आलं. बंडेप्पाच्या मालकीच्या लॉऱ्या होत्या, माणूस रांगडा पण सरळ. त्याची आई सुभद्राबाई लग्नाच्या आधी अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि नातवाच्या लग्नाच्या दिवशी ती सोलापूरच्या दवाखान्यात होती. आता घरी आणली होती, पण खाटेवरून उठणं नाही. रोज विचारायची, लग्नाचा पिच्चर आला का? बंडेप्पानं शिवगंगाला तेवढंच सांगितलं होतं, की जमेल तेवढ्या लवकर करा, म्हातारीनं जीव खाल्लाय.

तिनं सगळं जुळवलं आणि भर दुपारी शेवटचं काम लावलं. बाहेर रस्त्यावर माणूस नव्हता. मशीन निम्म्यावर आलं असेल, आतून खट्ट आवाज आला, एक ठिणगी दिसली आणि जळक्याचा वास सुटला. झाकण काढून बघितलं तर चिकटपट्टीचा गोंद उन्हानं आणि आतल्या उष्णतेनं वितळला होता, ठोकळे एकेक करून घसरले होते, आणि त्यातला एक खालच्या कार्डावर आडवा पडून दोन ठिकाणचा करंट एकमेकांना भिडला होता. बोर्ड गेला.

वीरण्णानं बघितलं. स्टुलावरसुद्धा बसला नाही, घरी निघून गेला. भिंतीकडं तोंड करून झोपला तो जेवायलाही उठला नाही. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आला नाही, तिसऱ्याही दिवशी आला नाही.

सुनीलकुमारनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. हार्ड डिस्कला काही होत नाही, केलेलं काम शाबूत असणार, मी बोर्ड घेऊन रविवारी येतो, म्हणाला. ती पट्टी स्पंजाची असते, उष्णता बाहेर काढायचं राहिलं, उलट आतच कोंडते, हे त्यानं सांगितलं. पण अण्णाला हे सांगू नका, असंही म्हणाला.

रविवार यायला अवकाश होता. शिवगंगाला बंडेप्पाच्या आईचं तोंड डोळ्यांपुढून जाईना. शेवटी तिनं वीरण्णाचा जुना कॅमेरा आणि लग्नाच्या मूळ कॅसेटी पिशवीत घातल्या आणि बंडेप्पाचं घर गाठलं. कॅमेऱ्याची पिवळी वायर टीव्हीला जोडली, कॅमेऱ्यात कॅसेट घातली आणि म्हातारीला उशीला टेकवून बसवलं. डीव्हीडीला अजून वेळ आहे, तोवर कच्चंच बघा, म्हणाली.

सुभद्राबाई बघत राहिली. गाणं नाही, काही नाही, नुसता लग्नघरातला गलका. रोजंदारीच्या कॅमेरावाल्यानं स्टेज घेतलं होतं, आहेर घेतले होते, मांडवाची झालर घेतली होती, आमदाराचा हार घेतला होता. म्हातारी हळूहळू अस्वस्थ झाली.

"झालर कामून दाखवायलाय ह्यो?" ती म्हणाली. "माझी बहीण आलती म्हणं चिटगुप्प्याहून. ती कुठं हाय?"

शिवगंगानं कॅसेट पुढं पळवली, मागं आणली. बायकांची पंगत अशी कुठं नव्हतीच. एका ठिकाणी नवरदेवाच्या ताटात कुणीतरी पोळी वाढत होतं, फक्त मनगटापासून पुढचा हात, हिरव्या बांगड्या.

"थांबीव," म्हातारी म्हणाली. "ह्यो हात तिचा."

शिवगंगानं चित्र थांबवलं. सुभद्राबाई त्या हाताकडं बराच वेळ बघत बसली. बहिणीची आणि तिची वर्षभर गाठ नव्हती, आणि आता ही खाटेवर, तीही म्हातारी. बंडेप्पा दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला.

घरी आल्यावर शिवगंगानं भिंतीकडं तोंड करून पडलेल्या वीरण्णाला हे सगळं सांगितलं. तो ऐकतोय की नाही तेही तिला कळत नव्हतं. पण हाताचं सांगितलं तेव्हा त्यानं कूस बदलली.

"उभं राहून घेतलं असंल त्यानं," तो म्हणाला. "उभं राहिलं की हातच येत्यात. पंगतीत बसायचं असतंय. बायकांच्या बाजूला बसून, खालून घ्यायचं. तोंडं दिसत्यात मग."

लकवा झाल्यापासून इतकं लांबलचक तो पहिल्यांदाच बोलला होता. शिवगंगानं ते ओळखलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. ती म्हणाली, "रविवारी सुनीलकुमार बोर्ड घेऊन यायलाय. बोर्डाच्या त्या कोपऱ्याचं काम तुम्हीच बघायचं."

"माझ्यामुळंच जळालं की ते."

"पट्टी मीच काढून दिली होती. जळालं ते दोघांचं जळालं. उठा, जेवून घ्या."

तो उठला.

सुनीलकुमार आला तो बोर्ड, पातळ राखाडी पट्टीचा एक तुकडा, स्क्रूनं आवळायचे ठोकळे आणि एक छोटा पंखा घेऊन. या बोर्डाला त्या काळ्या तुकड्यांच्या दोन्ही अंगांना भोकं होती. मऊ पट्टी उष्णता अडवत नाही, पुढं जाऊ देते, आणि ठोकळा स्क्रूनं धरलेला असतो, त्यामुळं घसरायची भीती नाही, हे त्यानं दाखवलं. वीरण्णानं ते हातात घेऊन दाबून बघितलं, अल्बमाच्या पट्टीची आठवण होऊन त्याचं तोंड उतरलं. पण सुनीलकुमारनं तो विषय काढलाच नाही. उलट विचारलं, अण्णा, छोटा पंखा कोपऱ्यावर कसा धरायचा? कॅबिनेटात त्याला बसायला जागाच नाही.

त्याचं उत्तर वीरण्णाकडं होतं. फ्लॅशच्या जुन्या स्टँडची वाकणारी पत्र्याची पट्टी त्यानं काढली, तिला आडवं भोक पाडून घेतलं आणि कॅबिनेटच्या कडेला आवळून पंखा कोपऱ्यावर तिरका लटकवला. स्क्रू आवळताना पेचकस त्याच्या डाव्या हातात, स्क्रू शिवगंगाच्या बोटांत. एकदा पेचकस निसटून तिच्या बोटाला लागला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि पुन्हा कामाला लागले. उदबत्ती लावून बघितली, धूर आता कोपऱ्यातूनही वाहून जात होता. शेवटी सुनीलकुमारनं वेग आधीपेक्षा एक पायरी कमी ठेवला आणि वीजही थोडी उतरवली. या उन्हात एवढंच पुरे, सगळा जोर काढायला बसलो तर हाही जाईल, असं तो म्हणाला, आणि यावर कुणी वाद घातला नाही.

बंडेप्पाची डीव्हीडी लगेच करता आली असती. पण वीरण्णा अडून बसला. सगळ्या कॅसेटी पुन्हा बघायच्या, म्हणाला. शिवगंगा सकाळी बसली, तो शेजारी. आहेराच्या गर्दीत, जेवणाच्या गडबडीत, गाडीत बसतानाच्या रडारडीत दोघं एकच बाई शोधत होती, सुभद्राबाईच्या तोंडवळ्याची, हातात हिरव्या बांगड्या असलेली. सापडली ती आचाऱ्यांच्या मागं. लांब, कोपऱ्यात, खांबाला टेकून उभी, पदरानं तोंड पुसत नातवाकडं बघणारी. पडद्यावर नखाएवढी. वीरण्णानं तो भाग मोठा करायला लावला आणि सावकाश फिरवायला लावला. असलं काम मशीनला जड जातं, हे शिवगंगाला माहीत होतं. दुपारच्या उन्हात तिनं शेवटचं काम लावलं आणि दोघं समोर बसून राहिली. ती मध्येच उठून बाजूच्या जाळीला हात लावायची. गरम होतं, पण हात टिकत होता. वीरण्णानं तिला बस म्हणून सांगितलं. संध्याकाळी डीव्हीडी बाहेर आली.

सुभद्राबाईनं ती किती वेळा बघितली ते बंडेप्पानंच नंतर सांगितलं. तेवढ्या जागी आलं की ती रिमोट हातात घ्यायची. पुढच्या महिन्यात बंडेप्पानं लॉरी पाठवून मावशीला चिटगुप्प्याहून आणली, ती पाऊस लागेपर्यंत बहिणीपाशी राहिली.

त्या हंगामानंतर शिवगंगानं रोजंदारीचा कॅमेरावाला बंद केला आणि कॅमेरा स्वतः खांद्यावर घेतला. वीरण्णानं डाव्या हातानं माऊस धरायला शिकून घेतलं. सुरुवातीला बाण पडद्यावर भलतीकडंच पळायचा आणि तो कॉम्प्युटरला शिव्या घालायचा. कन्नडातून सुरू झालेली शिवी मराठीत येऊन संपायची. शिव्या ऐकून गल्लीतल्या लोकांना कळलं, वीरण्णा बरा झाला. पुढं ओळखीच्या स्टुडिओवाल्यांची मशीनं बंद पडायला लागली की ते त्याच्याकडं घेऊन यायचे. तो प्रत्येकाला एकच विचारायचा, नवा पंखा बसवलास का? आणि झाकण काढायला लावायचा.

एकदा गाणगापूरला एका पुजाऱ्याच्या घरची मुंज होती. पुण्याकडचे पाहुणे आले होते, बाई कॅमेरा घेऊन आलेली बघून काही जण कुजबुजले. शिवगंगा बायकांच्या पंगतीत मांडी घालून बसली आणि तिथूनच शूटिंग केलं. एक म्हातारी मुंजीच्या मुलाला भरवायचं सोडून कॅमेऱ्याकडंच बघत राहिली, मग लाजली, मग स्वतःच घास खाऊन टाकला. घरी येऊन शिवगंगानं कॅसेट वीरण्णापुढं ठेवली आणि तो तुकडा कापून टाका म्हणून सांगितलं.

वीरण्णानं तो दोनदा बघितला.

"ह्ये कापायचं न्हाई," तो म्हणाला. "पण अदुगर सांग, तू बसल्या जागेवरून तिला काय म्हणलीस, म्हणून ती लाजली?"

शिवगंगा म्हणाली, तुम्ही म्हणायचात तेच. जिलेबी कुठं पळून जात नाही.

तो हसला, आणि माऊस डाव्या हातात धरून पुढच्या कामाला लागला.